दादाला किडनी बसवलीये, गुळवेलीचा काढा द्यावा का?

धायरीची_मुक्ता
दादाचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, आईनेच दिली. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन चालू आहे आणि डॉक्टर म्हणतात की प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. आत्या रोज गुळवेलीचा काढा आणते, तिचं म्हणणं शक्ती कमी केलीये तर भरून नको काढायला? दादालाही पटायला लागलंय. सख्ख्या आईची किडनी असताना एवढ्या गोळ्या लागतातच कशाला?

सदाशिव_पेठकर
काढा आजच थांबवा ताई. आईची असली तरी किडनी निम्मीच जुळते, शरीराला ती परकीच वाटते आणि पांढऱ्या पेशी तिच्यावर तुटून पडतात. 1954 साली बॉस्टनला पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून तर टिकलं. गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून घेतात ना, मग जी आपण मुद्दाम शांत ठेवलीये तिलाच परत कशाला जागं करायचं? आणि 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले पेशंट नोंदवलेत. आत्याची माया खरी आहे, तिला नीट बसवून समजवा.

किडनीवाला_काका
मी स्वतः ट्रान्सप्लांटवाला. टॅक्रोलिमसची वेळ चुकवू नका, आणि लेव्हलचं, म्हणजे रक्तात ती गोळी किती आहे ते बघायचं रक्त द्यायचं ते सकाळची गोळी घ्यायच्या आधी. पपनस, ग्रेपफ्रूट बंद. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गल्लीतल्या डॉक्टरने साध्या खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फंगससाठी फ्लुकोनॅझोल दिलं तर टॅक्रोलिमसची लेव्हल एकदम चढते आणि किडनीलाच मार बसतो, उलट टीबीच्या रिफॅम्पिसिनने ती इतकी पडते की किडनी रिजेक्ट होऊ शकते, म्हणून कुठलीही नवीन गोळी नेफ्रोलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरला) विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. ताप आला तर घरी क्रोसिन देऊन वाट बघत बसू नका, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे, त्यामुळे मोठं इन्फेक्शनसुद्धा बारीक तापात लपतं. शुगर बघत राहा, ह्या गोळ्यांनी वाढते.

संधिवात_ग्रस्त
धायरी म्हणजे सिंहगड रोडचाच भाग, जानेवारी 2025 ला तिकडे पाण्यावरून जीबीएसची (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात त्या आजाराची) साथ आली होती आठवतंय ना, दादाला पाणी उकळूनच द्या. कच्ची चटणी, बाहेरची पाणीपुरी नको. घरात कोणाला जुना खोकला असेल तर आधी टीबी तपासून घ्या. आणि बरं वाटतंय म्हणून प्रेडनिसोलोन मनाने बंद करू देऊ नका, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, एकदम बीपी पडून जिवावर बेततं.

धायरीची_मुक्ता
सगळ्यांचे खूप आभार. दादाला आत्ताच वाचून दाखवलं, काढा बंद. इतके दिवस घेतला हे उद्या सकाळीच ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला सांगते, लेव्हल आणि लिव्हरची टेस्ट आधी करायची का तेही विचारते.