'अनुभूती', 'प्रचिती', 'साक्षात्कार' : एकच की वेगवेगळे?

प्रश्न (खानापूर)

मंडळी, सध्या एक अनुवादित कादंबरी वाचतेय. नायक नोकरी सोडून एका जुन्या हस्तलिखिताच्या मागावर डोंगरात जातो. वाटेत भेटेल तो माणूस त्याला नेमकं हवं तेच सांगतो आणि शेवटी त्याला झाडांभोवती प्रकाश दिसायला लागतो. त्या प्रकाशासाठी अनुवादात 'अनुभूती', 'प्रचिती' आणि 'साक्षात्कार' हे तिन्ही शब्द आलटून पालटून येतात, कधी तर एकाच पानावर. हे समानार्थी आहेत का? मैत्रिणीला पुस्तक फार भावलं. मला मात्र सारखं अडखळायला होतंय. कथेमुळे की शब्दांमुळे, ते ठरवता येईना.

उत्तर (बेळगाव, उद्यमबाग)

ताई, या जातीच्या तीन-चार कादंबऱ्या मी वाचल्यात आणि अगदी इथंच अडखळलोय. माझ्या मते दोष शब्दांपासूनच सुरू होतो.

'प्रचिती' म्हणजे संस्कृतातली 'प्रतीति'. 'प्रत्यय' हा त्याच धातूचा भाऊ. आता क्रियापद बघा. प्रचिती 'येते' तशी ती 'पाहता'ही येते. आमची आज्जी कुणी नवीन औषध सांगितलं की म्हणायची, "आधी प्रचिती बघ, मग गावाला सांग." म्हणजे प्रचिती ही करून बघायची गोष्ट आहे. गुण आला तर आला, नाही तर नाही. 'अनुभूती पाहिली' असं मात्र कुणी म्हणत नाही. ती फक्त येते, ज्याला येते त्यालाच येते, आणि दुसऱ्यानं काही विचारायला जागा उरत नाही. कादंबरीतला गुरू नायकाला नेमकं हेच ऐकवत असतो : अनुभूती आल्याशिवाय तुला कळणार नाही. चालेल, पण मग त्याच पानावर 'प्रचिती' लिहू नये. समर्थ दासबोधात म्हणतात, 'प्रचीतीविण जें बोलणें । तें अवघेंचि कंटाळवाणें', आणि पुढं त्याला तोंड पसरून रडणाऱ्या कुत्र्याची उपमा देतात. इतका कडक शब्द आहे तो.

'साक्षात्कार' तर सरळ डोळ्यांशी जोडलेला. स + अक्ष, डोळ्यांसमोर. 'साक्ष' आणि 'साक्षीदार' त्याच घरातले. कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी होते, आणि तो अपमान आहे असं कुणी समजत नाही. कादंबरीत साक्षात्कार झालेल्या माणसाला प्रश्न विचारणारं पात्र एकच असतं, आणि ते हटकून खलनायक निघतं. मला याचंच जास्त वाईट वाटतं. आपल्या परंपरेत विचारणाऱ्याला असं वागवलेलं नाही. दासबोधात श्रोता 'आशंका' घेतो आणि वक्त्याला ती फेडावी लागते. एका समासाचं, म्हणजे प्रकरणाचं, नावच 'सूक्ष्म आशंका' आहे. आपण आज 'आशंका' भीतीच्या अर्थानं वापरतो, तिथं तो ऐकणाऱ्याचा हक्क आहे.

आणखी एक शब्द राहिला, 'योगायोग'. योग आणि अयोग, जुळणं आणि न जुळणं, दोन्ही त्याच्या पोटात आहेत. कादंबरीत फक्त योग. नायकाला बस चुकते ती योग्य माणूस भेटावा म्हणूनच.

तुमच्या खानापूर भागात देवळात कौल लावताना तुम्ही पाहिलं असेलच. मी लहानपणी मामाच्या गावी पाहिलंय. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवतो. गाऱ्हाणं सगळ्यांसमक्ष, मोठ्यानं घातलं जातं : हे काम होणार असेल तर उजवा दे. मग सगळे गप्प. पाणी सुकत येतं, एखादी पाकळी कडेनं सुटते, लोंबते, आणि पुन्हा तशीच थांबते. मामाच्या जमिनीच्या व्यवहाराला डावी पडली होती. मामा काही न बोलता उठला, चपला घातल्या आणि व्यवहार मोडून आला. पाकळी ओलाव्यामुळं पडते असं मी आज म्हणेन, पण त्या रीतीत एक सचोटी आहे : प्रश्न आधी ठरतो, आणि 'नाही' हे उत्तरही मिळू शकतं. 'कौल' मूळचा अरबी, अर्थ बोल, वचन. म्हणूनच राजाचा कौलनामा आणि निवडणुकीतला जनतेचा कौल. त्या कादंबरीत डावी पाकळी कधी पडतच नाही.

अशा कादंबऱ्यांत हटकून येणाऱ्या 'ऊर्जा' आणि 'कंपनं' या शब्दांवर थोडक्यात. मी लेथवर काम करतो. टूल थरथरलं की जॉबवर, म्हणजे कापायच्या धातूवर, बारीक लाटा उमटतात, नख फिरवलं तरी लागतात. मोजायचा डायल लावला की सुई सांगते, मिलिमीटरचा शंभरावा भाग का असेना. ऊर्जा म्हणाल तर वीजबिलावर युनिटमध्ये छापून येते, हजार वॉट तासभर. लेखकानं हे शब्द मोजमापाच्या दुनियेतून उचलले आणि मोजमाप तिथंच ठेवलं. 'प्रसन्न वाटलं' म्हणा की. तो काही हलका शब्द नाही.

प्रतिसाद (निपाणी)

दादा, पटलं, पण एक अडचण आहे. तुकोबा म्हणतात, 'सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता'. त्यांनी मनालाच ग्वाही केलं. म्हणजे शेवटी आतली अनुभूतीच प्रमाण ना?

उत्तर (बेळगाव, उद्यमबाग)

चांगला मुद्दा काढलात. 'ग्वाही' फारसी 'गवाही'वरनं आलाय, म्हणजे हीसुद्धा साक्षच. पण ओळीची सुरुवात बघा : 'सत्य असत्यासी'. मन साक्षीला उभं केलंय ते खरं-खोटं निवडायला. जे वाटलं ते खोटंही असू शकतं हे तिथं आधीच धरलेलं आहे. आणि लगेच 'बहुमता' येतं. लाखो वाचकांना भावलं म्हणून खरं, हे तुकोबांना चालत नाही. 'ऐसे कैसे झाले भोंदू' लिहिणारा माणूस आहे तो. तरी तुमचं एक मान्य करतो : मी वर अनुभूतीला दारच बंद केलं, ते जास्त झालं. अनुभूती हा शब्द खोटा नाही, तिला प्रचितीच्या जागी बसवणं खोटं आहे.

प्रतिसाद (अथणी)

माझं शिक्षण कन्नडमधनं झालं, घरात मराठी. कन्नडमध्ये हा भेद शब्दातच आहे. रोजचा तो 'अनुभव', आणि शरणांना (बसवण्णांच्या पंथातल्या भक्तांना), संतांना येतो तो 'अनुभाव'. एक काना वाढला की पातळी बदलते. मराठीत 'अनुभाव' काव्य-नाटकातल्या रसांच्या चर्चेत गेला, विभाव-अनुभाव. ज्ञानदेवांनी मात्र ग्रंथाला 'अनुभवामृत'च म्हटलं (आपण त्यालाच 'अमृतानुभव' म्हणतो), वेगळा शब्द शोधला नाही. आणि बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणात जमायचे तो 'अनुभव मंटप'. तिथं बसून बोलायचे, एकमेकांना विचारायचे. अनुभव तिथं चर्चेचा विषय होता.

दुसरं म्हणजे 'पवाड'. कन्नडमध्ये पवाड म्हणजे चमत्कार. 'पवाड पुरुष' म्हटलं की चमत्कार करणारा सत्पुरुष. मराठीत पोवाडा शाहिराचा. लहानपणी शिवजयंतीला पोवाडा आहे म्हटल्यावर मी चमत्कार बघायला गेलो होतो, आणि डफावर प्रतापगड ऐकून आलो.

उत्तर (बेळगाव, उद्यमबाग)

हे मला फार आवडलं. ज्ञानेश्वरीतही 'पवाड' आहे, विस्तार, सामर्थ्य या अर्थानं. सामर्थ्यापासून एक वाट पराक्रमाकडं गेली आणि एक चमत्काराकडं, असं मला दिसतं. पोवाड्यातल्या पराक्रमाला निदान गडाचं नाव आणि माणसांची नावं असतात.

ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर : समानार्थी नाहीत. झाडाभोवती प्रकाश दिसला तर 'दिसला' लिहावं. मनाला भिडला तर 'अनुभूती'. दुसऱ्यानं, दुसऱ्या दिवशी, तेच करून पाहिलं आणि तसंच झालं, तर 'प्रचिती'. तुमच्या प्रतीत 'प्रचिती'ला कुठं 'पाहिली' हे क्रियापद आलंय का, तेवढं बघून सांगा.

प्रश्नकर्ती (खानापूर)

शेवटची दोन प्रकरणं पेन्सिल घेऊन पुन्हा वाचली. सगळीकडे 'आली'. 'पाहिली' एकदाही नाही. मैत्रिणीला पुस्तक परत देताना पेन्सिलच्या खुणा तशाच ठेवणार आहे, तिला आधी विचारून.