शिक्रा की बेसरा? गळ्यावरच्या रेषेवर कितपत विसंबावे?

प्रश्न:
आंबोलीत जंगलाच्या कडेला टिपलेल्या एका शिकारी पक्ष्याच्या पांढऱ्या गळ्यावर मधोमध ठसठशीत काळपट रेषा आहे, छातीवर तपकिरी उभ्या रेघा आहेत, पाठ तपकिरी आणि डोळे पिवळे आहेत. गळ्यावर रेषा असली की बेसरा, असे ऐकत आलो आहे. सोबतचे मित्र मात्र हा शिक्राच असल्याचे ठामपणे सांगतात. नेमके काय पाहावे?

प्रतिसाद १:
गळ्यावरची रेषा शिक्र्यालाही असते. प्रौढ शिक्र्यात ती पुसट राखाडी असते, अवयस्क पक्ष्यात मात्र चांगलीच गडद दिसते, आणि बहुतेक घोटाळा इथेच होतो. प्रौढ शिक्र्याची पाठ फिकट राखी आणि छातीवर नाजूक तांबूस आडवे पट्टे असतात. प्रौढ बेसऱ्याची पाठ बरीच गडद, छातीच्या मध्यभागी उभ्या रेघा आणि त्याखाली पोटावर रुंद आडवे पट्टे, म्हणजे दोन्ही प्रकारची नक्षी एकाच पक्ष्यावर असते. तुमचा पक्षी वर्णनावरून अवयस्क दिसतो, आणि त्या वयात छातीवर उभ्या रेघा दोघांनाही असल्याने छाती फारशी उपयोगाची नाही. शेपूट पाहा. शिक्र्याच्या शेपटीवरील गडद पट्टे मधल्या फिकट जागेपेक्षा अरुंद असतात, बेसऱ्याचे जवळपास तेवढेच रुंद असतात. मात्र मिटलेली शेपूट खालून पाहिली तर फक्त कडेची पिसे दिसतात आणि त्यांवरचे पट्टे मधल्या पिसांसारखे नसतात, त्यामुळे वरून किंवा शेपूट पसरलेली असतानाचे छायाचित्र हवे.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे. बेसरा दाट जंगलात राहतो हे खरे, पण शिक्रा शहरातल्या झाडांपासून रानाच्या कडेपर्यंत कुठेही भेटतो, म्हणून केवळ ठिकाणावरून निर्णय देऊ नये. पायही पाहावेत: बेसऱ्याचे पाय काटकुळे आणि मधले बोट लांब असते. सह्याद्रीतल्या क्रेस्टेड गॉसहॉकच्या गळ्यावरही अशीच रेषा असते, परंतु तो आकाराने मोठा, दणकट पायांचा आणि डोक्यामागे आखूड तुरा असलेला असतो.

प्रश्नकर्ता:
तुरा नाही. उडताना शेपूट पसरलेले एक छायाचित्र सापडले. त्यात गडद पट्टे मधल्या फिकट जागेच्या निम्म्याहून कमी रुंद आहेत.

प्रतिसाद १:
मग हा अवयस्क शिक्रा. मित्रांचे म्हणणे बरोबर आहे.