मदत हवी आहे: सागरी प्रदूषणाचा कायदा सहा तासिकांत कसा बसवावा?

पदव्युत्तर वर्गासाठी दीड-दीड तासाच्या ६ तासिका आखायच्या आहेत. निम्मे विद्यार्थी कायद्याचे, निम्मे सागरी विज्ञानाचे. नेहमीच्या क्रमाने १२, २४ आणि २०० सागरी मैलांच्या हद्दींपासून (प्रादेशिक समुद्र, संलग्न क्षेत्र, अनन्य आर्थिक क्षेत्र) सुरुवात केली की ३ तासिका त्यातच जातात आणि विज्ञानवाल्यांचं लक्ष उडतं. सुरुवात कुठून करावी? शोधनिबंधाचे विषयही फार मोठे निवडले जातात, त्यावर उपाय?

प्रतिसाद १
हद्दी शेवटच्या तासिकेत घ्या. पहिल्या तासिकेत १९८२ च्या सागरी कायदा कराराचं फक्त कलम १ वाचा. माणसाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे समुद्रात आणलेले ‘पदार्थ किंवा ऊर्जा’, ज्यांनी अपाय होतो किंवा होण्याचा संभव असतो, ते प्रदूषण. मग विचारा: वीजकेंद्रातून सुटलेलं गरम पाणी? जहाजाचा पाण्याखालचा आवाज? इथे विज्ञानवाले आपणहून बोलू लागतात.

पुढच्या दोन तासिका कलम २०७ ते २१२ ला द्या. या एककाचा गाभा तोच. प्रत्येक कलमात राष्ट्रांनी जागतिक नियम किती पाळायचे, ते शब्द अधोरेखित करायला लावा. जमिनीवरून (२०७) आणि हवेतून (२१२) येणाऱ्या प्रदूषणासाठी ते नुसते ‘विचारात घ्यायचे’. समुद्रतळावरची कामं (२०८) आणि डंपिंग, म्हणजे जहाजं वगैरेंतून कचरा मुद्दाम समुद्रात टाकणं (२१०), यांसाठी देशाचे कायदे जागतिक नियमांपेक्षा ‘कमी परिणामकारक नसावेत’. जहाजांबाबत (२११) ध्वजराष्ट्राचे, म्हणजे जहाज जिथे नोंदलेलं असतं त्या देशाचे, कायदे निदान सर्वमान्य नियमांइतके परिणामकारक हवेत. म्हणजे सर्वाधिक घाण जिथून येते, त्या जमिनीवरच्या स्रोतांनाच पकड सर्वांत सैल! शेती, कारखाने, सांडपाणी हे सगळं राष्ट्राच्या स्वतःच्या भूमीवरचं, म्हणून तिथे कोणी हात बांधून घ्यायला तयार नव्हतं.

एक गल्लत हमखास होते: जहाजाच्या रोजच्या कामकाजातून निघणारा कचरा ‘डंपिंग’मध्ये धरतात. कलम १ मध्येच तो वगळलाय. त्याच्यासाठी मारपोल हा जहाजांच्या प्रदूषणाबाबतचा वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे.

मूळ धागाकर्ता
आभारी आहे. हवामान बदलाबाबतचं आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाचं २१ मे २०२४ चं सल्लागार मत कुठे घ्यावं? फार लांबलचक आहे.

प्रतिसाद २
चौथ्या आणि पाचव्या तासिकेत, तेही दोनच तुकडे. पहिला: हरितगृह वायूंचं मानवी उत्सर्जन कलम १ च्या व्याख्येत कसं बसवलं. दुसरा: कलम १९४(१) मधून (प्रदूषण रोखण्यासाठी राष्ट्रांनी आवश्यक ते सर्व उपाय करायचे) कठोर दक्षतेची, म्हणजे शक्य ती सगळी खबरदारी घेण्याची, जबाबदारी कशी काढली, आणि नुसता पॅरिसचा हवामान करार पाळणं पुरेसं का ठरत नाही. २०७ आणि २१२ मध्ये ‘विचारात घेऊन’ असूनही हे घडलं, म्हणून आधी अधोरेखित केलेल्या शब्दांचा तक्ता हाताशी हवाच. ‘न्यायाधिकरणाने राष्ट्रांना दोषी ठरवलं’ असं कोणी लिहिलं तर लगेच खोडा. सल्लागार मत बंधनकारक निकाल नसतं.

शोधनिबंधाला एक कलम, एक शब्दप्रयोग, एक स्रोत एवढीच चौकट द्या. उदाहरणार्थ: १९४(१) मधल्या ‘क्षमतेनुसार’ या शब्दामुळे गरीब राष्ट्रांची दक्षतेची पातळी खाली येते का? आणि मराठीत लिहिताना ‘करतील’ आणि ‘करण्याचा प्रयत्न करतील’ यांची सरमिसळ होऊ देऊ नका. २०७(३) मध्ये धोरणं जुळवण्याबाबत फक्त प्रयत्नाचीच जबाबदारी आहे.