‘रिलीफ पिचर’ला मराठीत काय म्हणावं? बदली, राखीव की आणखी काही?

सुरंगी_वळेसर (वेंगुर्ला)

माझा भाचा कॉम्प्युटरवर बेसबॉलचा एक खेळ खेळतो. यात स्वतः चेंडू मारायचा नसतो. संघ निवडायचा, कोण कधी उतरेल ते ठरवायचं, बाकी सामना कॉम्प्युटर खेळाडूंच्या आकड्यांवरून खेळतो. वाडीतल्या आणखी चार मुलांना त्याची गोडी लागली आहे. इंग्रजी मदतपानं त्यांना जड जातात, म्हणून गणपतीच्या सुट्टीत मी ती मराठीत उतरवायला घेतली. अकरा पानं सरळ झाली, बाराव्यावर अडले.

पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. ‘स्टार्टर’ म्हणजे सामना सुरू करणारा पिचर. नऊ डावांतले पाच-सहा टाकतो आणि मग चार दिवस विश्रांती घेतो. ‘रिलीव्हर’, म्हणजेच रिलीफ पिचर, त्याच्यानंतर येतो आणि एखाद-दुसरा डाव पूर्ण जोर लावून टाकतो. भाच्याची युक्ती अशी की रिलीव्हरांचे आकडे चांगले दिसतात ना, मग त्यांनाच सुरुवातीला उतरवू. त्या पानाला मी मथळा दिला, ‘बदली गोलंदाजांना सुरुवातीला वापरणे’.

शेजारचे काका ओसरीवर बसून वाचत होते. ते म्हणाले, “बाय, बदली माणूस सुरुवातीक कसो येतलो? आधी कोणतरी गैरहजर होयो ना?” काकांनी लालबागच्या गिरणीत बावीस वर्षं काढली आहेत. तेव्हापासून तो मथळा मला चुकीचा वाटतोय, पण दुसरा सुचत नाही. काय लिहू?

कणकवली_लालबाग

काकांचं बरोबर आहे. माझे आजोबा गिरणीत बदलीवरच होते. सकाळच्या पाळीला डबा घेऊन गिरणीच्या दारात उभं राहायचं. खात्यातला कुणी आला नसेल तर जॉबर (कामगारांचा मुकादम) बोट करायचा, नाहीतर तोच डबा घेऊन खोलीवर परत. गावाला येणाऱ्या पत्रात आधी खुशाली आणि मग लगेच ‘ह्या महिन्यात चौदा दिवस बदली गावली’ असं असायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हाही ते बदलीच होते. कायम झालेच नाहीत.

तुमचा रिलीव्हर करारावर आहे, संघात त्याची जागा पक्की आहे. त्याला बदली म्हणू नका. आमच्या घरात तो शब्द पोटाशी बांधलेला आहे.

तिसरी_स्लिप (रत्नागिरी)

भावना समजली, पण क्रिकेटमध्ये ‘पहिला बदली गोलंदाज’ हा शब्द वर्तमानपत्रांत रुळलेला आहे आणि तिथे कुणी गैरहजर नसतो. नवा चेंडू टाकणारे दोघं थांबले की तो येतो, इतकंच.

अडचण वेगळीच आहे. क्रिकेटच्या नियमात ‘बदली खेळाडू’ क्षेत्ररक्षण करतो, त्याला गोलंदाजी करता येत नाही. म्हणजे ‘बदली गोलंदाज’ चेंडू टाकतो आणि ‘बदली खेळाडू’ला चेंडू टाकायची बंदी! क्रिकेटवर वाढलेली मुलं इथे नक्की गोंधळणार. त्यात बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. क्रिकेटचा गोलंदाज दहा षटकांनी पुन्हा चेंडू मागतो. तेव्हा खरी ‘बदली’ बेसबॉलमध्येच होते, आपल्याकडे नाही.

बोलू_मराठीच (रत्नागिरी)

सगळे परक्या शब्दांत अडकला आहात. ‘बदल’ अरबी, ‘गोलंदाज’मधला ‘अंदाज’ फारसी. सावरकर १९२४ ते १९३७ याच रत्नागिरीत स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीचं मोठं काम त्यांनी इथूनच केलं. ‘महापौर’, ‘दिनांक’ आज कुणाला खटकतात? त्याआधी शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता. चेंडू फेकणारा तो ‘क्षेपक’. सुरुवात करणारा ‘आद्यक्षेपक’, मागून येणारा ‘अनुक्षेपक’. मथळा होईल ‘अनुक्षेपकांस आद्यक्षेपक म्हणून योजणे’. अर्थ चोख आणि शब्द आपले.

जुनी_पोथी

‘क्षेपक’ला आपल्याकडे आधीच अर्थ आहे. पोथीत मागाहून घुसडलेल्या ओव्या म्हणजे क्षेपक. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती असल्याच गोष्टी बाजूला काढून. संघातल्या भल्या माणसाला घुसडलेला का म्हणायचं?

आणि ‘अंदाज’ फारसी म्हणून टाकायचा, तर मराठ्यांच्या तोफखान्यातल्या गोलंदाजांचं काय करणार? तोफेचा गोला टाकणारा तो गोलंदाज. तो शब्द तोफेवरून उतरून क्रिकेटच्या मैदानात आला, यासारखी मराठी घडामोड दुसरी नाही. मी त्याच घराण्यातला शब्द सुचवते: कुमक. लढाई चालू असताना मागून ताज्या दमाची माणसं येतात ती कुमक. रिलीव्हर म्हणजे ‘कुमकी गोलंदाज’.

बोलू_मराठीच

कुमक तुर्की आहे.

जुनी_पोथी

असू दे. बखरींत आली, पत्रव्यवहारात आली, माझ्या आजीच्या तोंडात होती. “लग्नाक कुमक धाडा,” म्हणायची ती, म्हणजे वाढपाला माणसं पाठवा. अजून किती शतकं राहिली म्हणजे ती आपली होणार?

पाचवा_दिवस (मालवण)

मी हा खेळ बरीच वर्षं खेळतोय. शब्द ठरवण्याआधी ‘सुरुवातीला वापरणे’ म्हणजे काय ते बघायला हवं, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट १९ मे २०१८ ची. टॅम्पा बे रेज संघाने एंजल्सविरुद्ध सर्जिओ रोमो या अनुभवी रिलीव्हरला सुरुवातीला उतरवलं. एंजल्सचे पहिले फलंदाज उजव्या हाताचे, रोमोही उजव्या हाताचा. एका डावात त्याने तिघांना बाद केलं आणि तो बाजूला झाला. पुढचा मोठा पल्ला डावखुऱ्या यारब्रोने टाकला. दुसऱ्या दिवशी रोमोच पुन्हा सुरुवातीला! याला ‘ओपनर’ म्हणतात. फायदा सोपा आहे. सर्वांत धोक्याचे फलंदाज पहिल्याच डावात येतात, त्यांच्यासमोर ताजा माणूस जातो. आणि लांब पल्ल्याच्या पिचरला त्यांची गाठ तिसऱ्यांदा पडायची वेळ उशिरा येते. तोच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की फलंदाज त्याला ओळखून असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसाचं कामच बदलणं. गॅरेट क्रोशे २०२४ आधी फक्त रिलीव्हर होता. त्या वर्षी शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला स्टार्टर केलं, अगदी हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून. त्यासाठी दम वाढवावा लागतो आणि चेंडूंचे प्रकारही. दोन प्रकारांवर एक डाव निघतो, सहा निघत नाहीत.

भाचा यातलं काहीच करत नाहीये. तो रिलीव्हरला उचलून पाच डाव टाकायला लावतोय. त्याला म्हणावं, खेळात दमाचा आकडा वेगळा असतो तो बघ. दिसणारे चांगले आकडे छोट्या कामाचे आहेत. तिसऱ्या डावात तो माणूस गळतो, मग त्याच्यामागे तीन रिलीव्हर खर्च होतात आणि दुसऱ्या दिवशी टाकायला कुणी ताजा उरत नाही. हंगाम १६२ सामन्यांचा, संघात २६ माणसं, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. पहिला आठवडा जिंकशील, महिन्याने रांगेत शेवटी जाशील. मी पहिल्या हंगामात हेच केलं होतं. आणि ओपनरच्या नावावर विजय लागत नाही, स्टार्टरला त्यासाठी निदान पाच डाव टाकावे लागतात.

सुरंगी_वळेसर

म्हणजे मला एक नाही, तीन शब्द हवेत! स्टार्टर, रिलीव्हर आणि हा एका डावाचा ओपनर. दमाचं भाच्याला वाचून दाखवलं. तो गप्प बसला आणि त्याने लगेच संघ उघडला.

बाजारातलो_पेटारो (कुडाळ)

एका डावाच्या माणसासाठी शब्द आमच्या दशावतारात तयार आहे. रात्री जत्रेत आधी आडदशावतार होतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, मग वेद चोरणारा संकासुर. काळा वेष, मालवणी बोली, समोरच्या पोरांची थेट नावं घेऊन बोलणार. विष्णूच्या हातून मरतो आणि त्याचं काम संपतं. मग खरं आख्यान लागतं, राजपार्टी-स्त्रीपार्टी (राजाची आणि स्त्रीची भूमिका करणारे) ते पहाटेपर्यंत ओढतात. ओपनर म्हणजे संकासुर. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही मुलाला एका शब्दात कळेल.

दापोलीचा

सिंधुदुर्गातल्या. आमच्याकडे संकासुर शिमग्यात येतो, डोक्यावर उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. तो कुणाच्या आधी येऊन निघून जात नाही, दारोदार नाचतो. आमच्या पोरांना ‘संकासुर’ म्हटलं तर दिवसभर नाचणारा गडी डोळ्यांपुढे येईल, म्हणजे तुमच्या स्टार्टरपेक्षाही लांब पल्ल्याचा.

जुनी_पोथी

मग ‘पूर्वरंगी’ म्हणा. कीर्तनातला पूर्वरंग दापोलीलाही कळतो.

तिसरी_स्लिप

पण कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग एकच बुवा करतात. इथे माणूस बदलतो, सगळी गंमत त्यातच आहे.

बाजारातलो_पेटारो

दापोलीकर, तुमचा शिमग्यातला संकासुर आणि आमचा एकाच मुळातले असणार. तुमच्याकडे त्याला कुणी मारतं का? विष्णू येतो?

दापोलीचा

आमच्या गावात तरी मारत नाहीत. लहान मुलं त्याला घाबरून पळतात आणि मोठी माणसं त्याच्यासमोर नवस बोलतात. माझ्या धाकट्या बहिणीला त्याच्या हातात दिल्याचं मला आठवतं. घुंगरांचा आवाज ऐकून ती रडायची थांबली होती. अशा देवमाणसाला एका डावात बाद करू नका.

बोलू_मराठीच

मूळ प्रश्न शब्दाचा होता. ‘अनुक्षेपक’ मान्य नसेल तर ‘अनुगामी’ घ्या.

सुरंगी_वळेसर

मुलांना सगळे शब्द वाचून दाखवले. ती आपापसात ‘रिलीफवाला’ म्हणतात आणि त्यांचं अडत नाही. मला अडतंय. ‘कुमकी’ मला आवडला, पण काका म्हणतात कुमक म्हणजे पुष्कळ माणसं, एकट्याला कुमक कशी म्हणायची? बारावं पान तसंच आहे, तेराव्याला हात घातला.

कणकवली_लालबाग

एक दुरुस्ती. वर मी लिहिलं की आजोबांच्या पत्रात ‘बदली गावली’ असायचं. काल आईने ट्रंकेतून चार पोस्टकार्डं काढून दिली. तिन्हींत ‘बदली लागली’ आहे, चौथ्यात ‘बदली मिळाली नाही’. ‘गावली’ कुठेच नाही. ते आजी वाचून दाखवताना तिच्या बोलीत म्हणत असणार आणि मला तेच आजोबांचं म्हणून लक्षात राहिलं. आजोबा कागदावर पुस्तकी मराठी लिहायचे, एवढंही मला माहीत नव्हतं. काकांना विचाराल का, गिरणीच्या दारात काय म्हणायचे, गावली की लागली?