टेलिफोनच्या जुन्या वायरीतून वरच्या मजल्यावर नेट नेता येईल का?

परभणीकर:
जुनं घर आहे, खालच्या भिंती दगडी, दीड फुटी. फायबरचा राउटर खाली बैठकीत, वर वायफायची जेमतेम एक कांडी. लँडलाइन बंद केली, पण तिची वायर बैठकीतून वरच्या दोन्ही खोल्यांत गेलेली आहे. चार तारा, पीळ घातलेल्या. संगणकाला जोडून बघितली तर पोर्टची लाइट लागते अन् जाते.

वायरमन_नांदेड:
सगळ्यात आधी खांबावरून येणारी वायर रोझेटमधून (भिंतीवरच्या फोनच्या डबीतून) सोडवा, कनेक्शन बंद असलं तरी. चालू लाइनवर ४८ व्होल्ट डीसी असतात, रिंग वाजताना वरून एसी. शिवाय मे-जूनच्या वळवात वीज पडली की तिचा झटका याच तारेनं घरात शिरतो, राउटर अन् संगणक दोन्ही घेऊन जातो.

आता लाइटचं. दोन्हीकडं गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्ट असणार. ते आपसात वेगाची ठरवाठरवी करतात प्लगच्या १-२ आणि ३-६ या पिनांवरून, ठरतं गिगाबिट, आणि त्याला लागतात चारही जोड्या. तुमच्याकडं दोनच. म्हणून लाइट येते-जाते. राउटरपाशी १०० एमबीपीएसचा साधा पाच पोर्टचा नेटवर्क स्विच लावून त्यातून ही वायर वर न्या; १०० ला दोनच जोड्या पुरतात, भांडण मिटेल. संगणकात स्पीड हातानं १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्हीकडून डेटा) करू नका. एका बाजूलाच केलं तर समोरचा पोर्ट हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच बाजूनं) जातो, लाइट ठणठणीत दिसते आणि फाइल मात्र रखडते.

एक पीळजोडी १-२ वर, दुसरी ३-६ वर. रंग काहीही असू द्या, एका जोडीची तार दुसऱ्या जोडीत जाऊ देऊ नका. टोकाला पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नका.

नेटवाला_लातूर:
वर दोन खोल्या आहेत ना? फोनवाले एकाच वायरीला समांतर फाटे काढतात. फोनला चालतं, इथरनेटला (वायरीवरच्या नेटला) दोनच टोकं लागतात. बॉक्स उघडून दुसऱ्या खोलीचा फाटा कापा. मग वरच्या टोकाला एक जोडी पिळून खाली मल्टिमीटर लावा. ०.५ मिमीच्या तांब्याला २० मीटर अंतरात साडेतीन ओहमच्या आसपास यायला पाहिजे. बराच जास्त आला तर मधला जोड गंजलाय.

दोनच तारा असत्या तर व्हीडीएसएल-२ ब्रिजची (फोनच्या एकाच जोडीवरून नेट नेणाऱ्या डब्यांची) जोडी लागली असती, एक मास्टर, एक स्लेव्ह. चालतं, पण महाग.

परभणीकर:
फाटा कापला, रीडिंग ४ आलं. वायर पाइपात आहे, खालून ओढली की वर हलते.

वायरमन_नांदेड:
हलते म्हणता? मग स्विच राहू द्या, त्या जुन्या वायरीलाच बांधून कॅट-६ (चार जोड्यांची नेटवर्क केबल) ओढा, गिगाबिट मिळेल. जोडाच्या तारा कमी-जास्त लांबीच्या कापा, म्हणजे गाठ फुगत नाही. वरून टेप, त्यावर टाल्कम पावडर. सोबत नायलॉनची दोरीही आत जाऊ द्या, पुढं कामाला येते. एकानं वरून केबल सोडायची, दुसऱ्यानं खालून हळू ओढायची. अडकली की हिसका नको, मागं घेऊन पुन्हा.

केबल घेताना तारेवर ब्लेड घासून बघा. आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, दुकानातच ठेवा. आणि त्या पाइपात घरच्या विजेची वायर असेल तर हे काम करूच नका.