जुनी मोटरसायकल घरी खोललेल्यांनो, या इकडे

काड्यापेटी
आज माळा आवरताना पत्र्याचा डबा सापडला. आत काड्यापेट्या, प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी. 'मागचं ब्रेक', 'टाकीखालचे दोन', 'कार्बचे, हलवू नको'. एका पेटीत नुसता एक छर्रा, चिठ्ठीची शाई उडालेली. झाकण काढल्याबरोबर रॉकेलचा वास आला. बाबा गाडी खोलायचे तेव्हा मी बॅटरी धरायला. "उजेड माझ्या हातावर पाड, तोंडावर नको!"
गाडी जोडायची त्यांची राहूनच गेली. गेल्या वर्षी मी जोडली, नट-बोल्ट नवे आणून, कारण जुने सापडेनात. चालू होते, पण गियर टाकला की हिसका देऊन बंद. क्लचची तार कितीही ताणा, लिव्हर ढिलाच. असो. तुमचे किस्से येऊ द्या.

गंजोबा
टाकी!! तीन दिवस व्हिनेगर भरून ठेवलं, गंज गेला, खुशीत उन्हात वाळवली. दुसऱ्या दिवशी आत परत तांबूस. खायच्या सोड्याचं पाणी फिरवून आम्ल मारायचं, लगेच कोरडी करायची, तेलाचा हात द्यायचा, हे नंतर कळलं. आणि पेट्रोलचा नळ आधी काढून ठेवा. मी नाही काढला. रबर गेलं.

रिकामटेकडी
मी फक्त बायको. कार्बोरेटरचे जेट माझ्या पिठाच्या चाळणीत धुतले गेले. चाळणी नवीन आली. गाडी अजून व्हायचीय.

गंजोबा
@रिकामटेकडी 😂 आमच्याकडे ती चाळणी अजून वापरात आहे, बोलू नका कुठे

धूर
टू स्ट्रोक का? माझी टू स्ट्रोक. इंजिन बांधून पहिल्या दिवशी पेट्रोलमध्ये तेल घालायचंच विसरलो (लिटरला ४० मिली लागायचं माझ्या गाडीला). थोडं पुढे गेलो नि पिस्टनने सिलिंडर धरला, मागचं चाक जाम. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून हाडं शाबूत. बायको म्हणाली रिंगा बदलण्यापेक्षा माणूस बदलते

अधिकउणे
जपानी गाडी असेल तर स्क्रूंना साधा फिलिप्स लावू नका. दिसायला तेच अधिकचं चिन्ह, पण तो जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा. फिलिप्स नीट बसत नाही, वर चढतो आणि खाच गुळगुळीत. सात स्क्रूंची वाट लावल्यावर अक्कल आली. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर नि हातोडा.

उशिरा_आले
+१ सासरे म्हणाले जोर लावा. लावला. डोकंच तुटून हातात.

रिकामटेकडी
सासऱ्यांचं??

उशिरा_आले
बोल्टचं हो 🙏

मामाची_जावा
मामाच्या जावा मोटरसायकलला किक आणि गियरचा दांडा एकच. किक मारून झाली की तो पुढे पाडायचा, मग गियर. मित्र मिरवायला घेऊन गेला, गाडी सुरू केली आणि खाली वाकून गियर शोधत बसला. लोकांना वाटलं काहीतरी पडलंय, चार जण शोधायला लागले.
बाकी माझ्या सीटवर मांजर व्यालीय, त्यामुळे काम बंद.

धूर
किती पिल्लं?

मामाची_जावा
तीन. एक काळं. त्याचं नाव कंडेन्सर.

सावकाश
काड्यापेटी, ते अक्षर जपून ठेवा हो. माझ्या वडिलांचं एकही अक्षर नाही माझ्याकडे.
जुने ब्रेक शू असतील तर ड्रममधली धूळ फुंकू नका, ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपून घ्या.

अधिकउणे
थांबा थांबा. छर्रा म्हणालात? बऱ्याच गाड्यांत क्लचचा रॉड दोन तुकड्यांत असतो, मध्ये छर्रा. तो नसेल तर तेवढी फट पडते, दांडा प्लेटपर्यंत पोचतच नाही. तार ताणून काय होणार? मॅन्युअलमधलं चित्र बघा. बसवताना ग्रीसमध्ये बुडवून सोडा, नाहीतर घरंगळून तिसरीकडेच.

काड्यापेटी
आत्ता कव्हर काढलं. रॉड दोन तुकड्यांत, मध्ये काही नाही. छर्रा त्या भोकात असा गेला जणू तिथलाच. क्लच सुटला! पहिल्या गियरमध्ये गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो.
थांबायला पाय घासावे लागले. 'मागचं ब्रेक' उघडतोय.