मदत हवी आहे: ग्रँड कॅन्यनचा जुना कंटूर नकाशा आजच्या नकाशावर बसत नाही

नमस्कार मंडळी,

बाबा पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते. धरणाच्या जागी प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायचा तिपाईवरचा फळा) मांडून कंटूर (सारख्या उंचीच्या रेषा) ओढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पुढच्या महिन्यात ते माझ्याकडे अ‍ॅरिझोनात येताहेत. त्यांच्या पंचाहत्तरीला ग्रँड कॅन्यनच्या ‘ब्राइट एंजल’ शीटचा (तिथल्या एका भागाच्या जुन्या नकाशाचा) मोठा प्रिंट द्यायचा आहे.

सर्व्हेअर फ्रान्स्वा मॅथेस यांनी 1902-03 मध्ये ही मोजणी केली, तीही प्लेन टेबलवरच. प्रमाण 1:48,000, कंटूर दर 50 फुटांना. यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या) साइटवर शीट फुकट मिळतं. दक्षिण कड्यावरून कोलोरॅडो नदीपर्यंत साधारण 4,400 फूट उतार, म्हणजे जवळजवळ 88 रेषा! रेडवॉल चुनखडीच्या उभ्या भिंतीपाशी त्या एकमेकींना चिकटून एकच जाड तपकिरी पट्टा होतो, आणि खाली टोंटोच्या सपाटीवर पुन्हा सुट्या होतात. तेवढाच भाग मी कितीदा झूम करून पाहिला असेन! विमानातून काढलेले फोटो नसताना हे जमवलं कसं, ते बाबांच्या तोंडून ऐकायचंय.

या शीटवर साउथ कैबाब ट्रेल नाही, तो 1925 चा. फँटम रँचही नाही, ते 1922 चं. आम्ही उतरणार ती वाट जीपीएस ट्रॅकवरून लाल रेषेत दाखवायची आहे. अडलंय ते इथे.

क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) जुन्या शीटचे चारही कोपरे (36°00′ ते 36°15′ उत्तर, 112°00′ ते 112°15′ पश्चिम) नॅड 27 हे डेटम (अक्षांश-रेखांश मोजायची आधारचौकट) धरून बसवले. तरी ब्राइट एंजल ओढ्याचा संगम दीड मिलिमीटर सरकलेला दिसतो, म्हणजे जमिनीवर सत्तरेक मीटर. कड्याची रेषाही त्याच दिशेला सरकते. थिन प्लेट स्प्लाइन (नकाशा जागोजागी वेगवेगळा ताणून बसवायची पद्धत) लावलं की संगम जागेवर येतो, पण कंटूर वाकडे होतात. मॅथेसची रेघ वाकवणं मला पटत नाही.

नॅड 27 हे 1927 चं, मोजणी त्याच्या 25 वर्षं आधीची. मग डेटम कोणतं धरू? की कोपरे सोडून संगम, शिखरं असेच कंट्रोल पॉइंट (दोन्ही नकाशांवर ओळखू येणारे बिंदू) घेऊन साधं अफाइन (अख्खा नकाशा एकसारखा सरकवणं-फिरवणं-ताणणं) करू?

आणि एक. मूळ प्रमाणात चौकट साधारण 58 × 47 सेंमी होते. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) रेडवॉलपाशी रेषा सुट्या दिसतील का? बाबा भिंग घेऊनच बसणार आहेत.